भागाची ओवी

आमच्या वर्गात गौतमीइतकं रागावून लिहिणारं दुसरं कुणी नव्हतं. बोलायची मात्र अगदी हळू. खुटबावहून सकाळच्या शटल रेल्वेनं दौंडला यायची, वाटेत खिडकीशी बसून काहीतरी खरडायची, आणि मराठीच्या तासाला मॅडमनी उभं केलं की अशा ओळी वाचायची, की मागच्या बाकांवरची टगी पोरंसुद्धा गप्प बसायची. तिचे वडील कोंडिबा रेल्वेत गँगमन होते. आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची. कॉलेजची पायरी चढलेली घरातली पहिली तीच.

मी नीलम. दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढले. मी, गौतमी आणि कासुर्डीचा विश्वजीत, असे आम्ही तिघं मिळून कॉलेजचं भित्तीपत्रक काढायचो. विश्वजीतचे वडील आनंदराव गावच्या सोसायटीचे चेअरमन. घरी ऊस, जीप, माणसांचा राबता. हा मुलगा मात्र समतेवर कविता लिहायचा आणि गौतमीच्या डब्यातली भाकरी हक्कानं मागून खायचा. त्याच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही सांगेन.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. शिरूरच्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांचं कविसंमेलन होतं, विषय होता कविता आणि सामाजिक न्याय. आम्ही हुरळून गेलो. प्रत्येकानं दोन-दोन कविता लिहून मॅडमना दाखवल्या. त्यांनी त्या वाचल्या, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुमच्या सगळ्या कवितांत मशाली पेटतात, साखळ्या तुटतात, सूर्य उगवतो. माणूस मात्र एकही दिसत नाही. जात्यावर बायका गायच्या, त्यात नाव असायचं, गाव असायचं. आपापल्या गावातल्या म्हाताऱ्यांकडं जाऊन बसा. मग लिहा."

गौतमीला ते लागलं. पण तिनंच पहिल्यांदा विचारलं, "कुणाकडं जायचं?"

विश्वजीत म्हणाला, "आमची चुलत आजी आहे, सरूबाई. तिला शेकड्यानं ओव्या येतात. रविवारी चला."

रविवारी आम्ही सिक्स सीटर रिक्षानं कासुर्डी फाट्यावर उतरलो. घर हायवेपासून आत, उसाच्या कडेला, नवं स्लॅबचं. सरूबाई मागच्या पडवीत सुपात मटकी निवडत बसली होती. वाळकी, ताठ पाठीची बाई. मूलबाळ नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. पुतण्याच्या, म्हणजे आनंदरावांच्या घरात ती राहत होती. विश्वजीतनं आमची नावं सांगितली. गौतमीचं नाव ऐकल्यावर सरूबाईनं तिच्याकडं एकदा नीट पाहिलं आणि म्हणाली, "आशी जवळ बस पोरी."

ती गायला लागली आणि आम्ही भराभर लिहून घ्यायला लागलो. भावाच्या ओव्या, सासरच्या, सीतेच्या. आवाज घोगरा झाला होता, पण चाल कुठंही सुटत नव्हती. हात सुपातच. मध्ये विश्वजीत चहा घेऊन आला. मला सगळं फार गोड वाटत होतं. आपण काहीतरी मोठं काम करतोय, असं वाटत होतं.

गौतमीनं विचारलं, "आजी, तुम्ही स्वतः जुळवलेली एखादी हाय का?"

सरूबाईचे हात थांबले. "हाय एक," ती म्हणाली. "पर ती ऐकायला गोड न्हाई."

"म्हण की आजी," विश्वजीत म्हणाला.

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि कुणाकडंही न बघता म्हणायला सुरुवात केली.

मळ्याच्या हिरीला, चैती तळाला गेलं पानी
वेशीभाईरची भागा, आली घागर घिऊनी

भागा पानी शेंदी, तिच्या पायात जोडवी
धन्याच्या हाताला ग, तवा कोन न्हाई अडवी

घागर गेली तळा, वर तरंगे चुंबळ
सरू उभी बांधावर, तोंडावरी ओंजळ

हीर बुजवली धन्यानं, वर लावली ग केळी
पळाली म्हनती भागा, भागा हितंच झोपली

पहिल्या कडव्यापर्यंत माझा हात चालला. मग तो कधी थांबला, मला कळलं नाही. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते, त्यांचा आवाज तेवढा येत होता.

विश्वजीत हसल्यासारखं करत म्हणाला, "आजी, ह्यातला धनी म्हंजी कोन?"

"धनी म्हंजी माजं धनी," सरूबाई म्हणाली. "बाईला किती धनी असत्यात?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याला आता काही अर्थ राहिला नव्हता. त्या चुलत आजोबांचा हार घातलेला फोटो पुढच्या खोलीत होता. येताना आम्ही तो पाहिला होता.

सरूबाई एकदा बोलायला लागली ती थांबली नाही. ती नुकती लग्न होऊन आलेली होती. त्या वर्षी दुष्काळ पडला होता आणि वेशीबाहेरच्या लोकांच्या आडाला पाणी नव्हतं. भागा माहेरपणाला आलेली. उजाडायच्या सुमाराला ती मळ्याच्या विहिरीवर आली. वैरणीला निघालेल्या सरूबाईनं बांधावरून तिला पाहिलं. तेवढ्यात नवरा मोटेकडून आला. त्याच्या हातात दांडकं होतं. त्यानं एकच घाव घातला. भागा आत पडली. तो काठावर उभा राहिला आणि वाट बघत राहिला. नंतर गावाला सांगितलं, हिरीत कुत्रं पडून मेलंय, पाणी नासलं, आता ही हीर बुजवायची. चार दिवस गाड्या भरून दगड-माती पडत होती.

"आन् तुम्ही कुनाला सांगितलं न्हाई?" गौतमीनं विचारलं. तिचा आवाज नेहमीपेक्षाही बारीक झाला होता.

"सांगितलं की. रोज सांगितलं. पहाटं जात्यावर बसले की हीच ओवी म्हनायचे, ते आत निजलेले असायचे. आयाबाया दळायला यायच्या, त्यांनी बी ऐकली. जात्यावरचं गानं कोन मनावर घेतंय?"

"भागा कुनाची?"

"वेशीभाईरच्या धर्माची लेक. तिच्या पाठची एक व्हती, विठी. तिला पुढं खुटबावला दिली."

गौतमीच्या हातातला पेन खाली पडला. तो उचलायला ती वाकलीही नाही. सरूबाईच्या पायांकडं बघत ती म्हणाली, "विठी माजी आजी हाय."

सरूबाईनं डोळे मिटले. गौतमीची ही आजी, विठाबाई, मी अनेकदा पाहिली होती. तिला एक थोरली बहीण होती, ती माहेरी आली असताना कुण्या परक्या माणसाबरोबर यवतच्या स्टेशनावरून रेल्वेनं पळून गेली, एवढं मला गौतमीनंच एकदा सांगितलं होतं. घरात तिचं नाव काढायचं नाही, असा नियम होता.

गौतमी उठली आणि चालायला लागली. विश्वजीत धावत फाट्यापर्यंत आला. "गौतमी, मला माहीत नव्हतं गं."

"मला तरी कुठं होतं," ती म्हणाली. तिनं त्याच्याकडं पाहिलं, पण ओळख नसलेल्या माणसाकडं पाहावं तसं.

मी तिला एकटी सोडली नाही. आम्ही खुटबावला पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. विठाबाई दारात बसून शेंगा फोडत होती. कोंडिबा ड्यूटीवरून येऊन हातपाय धूत होते. गौतमी आजीसमोर मांडी घालून बसली आणि तिनं ती ओवी म्हणायला सुरुवात केली. तिनं ती कधी पाठ केली, देव जाणे. एकदाच तर ऐकली होती. भागाचं नाव आल्यावर विठाबाई चवताळून म्हणाली, "त्या रांडंचं नाव माज्या दारात घिऊ नगंस." गौतमी थांबली नाही. पुढचं कडवं म्हटलं, त्याच्या पुढचं म्हटलं, शेवटचंही म्हटलं.

विठाबाईच्या मुठीत शेंगा होत्या. त्या तिनं हळूहळू परत सुपात सोडल्या.

"कुनी सांगितलं तुला हे?"

गौतमीनं सगळं सांगितलं. कोंडिबा तांब्या हातात घेऊन तसेच उभे होते. विठाबाई रडली नाही. फक्त मध्येमध्ये म्हणत होती, "म्हंजी ती गेलीच न्हवती." मग म्हणाली, "तिच्या सासरची मान्सं येऊन माज्या बापाच्या तोंडावर थुकली. बाप त्यातच गेला. पळालेलीची भन म्हनून मला कोन करीना, तवा तुज्या आज्याला, दोन पोरांच्या बापाला दिली. आन् मी जलमभर तिलाच शिव्या घातल्या. ती तिथं गाळात, आन् मी हितं तिला शिव्या घालत."

त्या दिवशी त्या घरात चूल पेटली की नाही, मला माहीत नाही. मी शेवटच्या शटलनं घरी आले.

शिरूरच्या संमेलनाला गौतमी येणार नाही, असं मी धरून चालले होते. पण त्या सकाळी ती दौंडच्या एसटी स्टँडवर माझ्या आधी येऊन उभी होती. विश्वजीत आला नाही. न्हावऱ्यामार्गे एसटीनं आम्ही दोघीच शिरूरला गेलो.

सभागृह भरलेलं होतं. एकामागून एक मुलं येत होती, त्यांच्या कवितांत मशाली पेटत होत्या. गौतमीचं नाव पुकारलं. ती माईकपाशी गेली, तिनं हातातला कागद दुमडला आणि सरळ ओवी म्हणायला लागली. आधी काही जण हसले. जात्यावरचं काहीतरी म्हणतेय, असं वाटलं असणार. तिसऱ्या कडव्याला हसू थांबलं. शेवटचं संपल्यावर टाळ्याही पडल्या नाहीत.

परीक्षकांपैकी एक गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "चाल सुरेख आहे. पण ही तुमची स्वतःची कविता दिसत नाही. नियमात बसणार नाही."

"न्हाई, माजी न्हाई," गौतमी म्हणाली. "पर मेलेली माजी हाय. माज्या आजीची सख्खी भन. कासुर्डीच्या मळ्यात बुजवलेली हाय. अजून तिथंच हाय."

ती स्टेजवरून उतरली. ते परीक्षक हातातल्या पेनाचं टोपण काढत आणि लावत बसले. पुढचं नाव पुकारायचं कुणाला सुचेना.

यवत-कासुर्डीकडची काही मुलं त्या सभागृहात होती, त्यामुळं बातमी आमच्या आधी गावात पोचली. दोन दिवसांनी दुपारी मी खुटबावलाच होते. गौतमीच्या दारात एक जीप येऊन थांबली. आनंदराव खाली उतरले, मागून विश्वजीत उतरला, आणि त्यानं हात धरून सरूबाईला उतरवलं. वस्तीतली माणसं गोळा झाली. कोंडिबा पुढं झाले. आनंदरावांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "कोंडिबा, तुमच्या पोरीनं शिरूरला जाऊन आमच्या घराण्याचं नाव घेतलं. म्हातारीला हल्ली भान राहत न्हाई, काहीबाही बडबडती. म्हनून तिलाच घिऊन आलोय. काकी, सांग ह्यास्नी. सगळ्यांच्या म्होरं सांग, म्हंजी विषय मिटंल."

सरूबाई सरळ विठाबाईकडं चालत गेली. विठाबाई दारातच बसलेली होती. ती उठली नाही, तिनं बस म्हटलं नाही. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. दोघींनी एकमेकींना शेवटचं पाहिलं तेव्हा एक परकरी पोर होती आणि दुसरी नवी नवरी.

विठाबाईनं एकच विचारलं. "पडल्यावर तिनं हाक मारली?"

"व्हय," सरूबाई म्हणाली.

"कुनाला?"

"तुलाच. विठे, विठे म्हनत व्हती. लई येळ."

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईनं पदर तोंडात कोंबला. मी आनंदरावांकडं पाहिलं. त्यांचा हात जीपच्या बॉनेटवर होता, ऊन लागून तो पत्रा तापलेला असणार, तरी त्यांनी हात काढला नाही. ज्या चुलत्यानं त्यांना खांद्यावर घेऊन जत्रा दाखवल्या, त्या चुलत्याविषयी ते ऐकत होते. त्यांनी ओवी खोटी आहे असं खरंच मानलं होतं, हे त्यांच्याकडं पाहून कळत होतं. आता ते मानता येत नव्हतं.

"काकी, तू हे काय बोलतीस," ते एवढंच म्हणाले.

सरूबाई वळली. "आनंदा, ते केळीचं रान, आता ऊस हाय तिथं, माज्या नावावर हाय. त्येंच्या मागं सात-बाऱ्याला माजंच नाव लागलंय. ऊस तुटला की खांदायचं."

आनंदरावांनी बरीच खटपट केली. सरूबाईला समजावलं, वकील आणला, नातेवाइकांना मध्ये घातलं. ती कुणाचंच ऐकेना. इकडं गौतमी आणि कोंडिबा पोलिसांकडं जाऊन आले. तिथं सांगण्यात आलं, मारणारा मेलेला, साक्षीदार म्हातारी, आणि पुरावा म्हणजे एक गाणं. पण जमिनीची मालकीणच खणायला सांगते आहे म्हटल्यावर त्यांनाही नाही म्हणता येईना. ऊस तुटून गेल्यावर, वैशाखात, पोलीस आणि तहसीलचे लोक येऊन उभे राहिले. सरूबाईनं बांधावरून चालत जाऊन जागा दाखवली. जेसीबीनं खणायला सुरुवात केली.

मॅडम, मी, कॉलेजातली आणखी काही मुलं, असे आम्ही कडेला उभे होतो. आधी नुसती माती निघाली, मग दगड, मग विहिरीचं बांधलेलं कडं दिसलं. ते दिसल्यावरच कासुर्डीची माणसं मागं सरकली. इतकी वर्षं ती सगळी त्या रानातून नांगर घेऊन, खतं घेऊन, डबे घेऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी तळाशी काळा गाळ लागला. मशीन बंद करून माणसं आत उतरली, तेव्हा त्यांना हाडं सापडली. विश्वजीत माझ्यापासून थोड्याच अंतरावर होता. तो मटकन खाली बसला आणि ढेकळं हातात घेऊन चुरत राहिला. त्याला उठवायला त्याचे वडील गेले नाहीत. ते कधीच निघून गेले होते.

हाडं सरकारी तपासणीला गेली. ती परत मिळायला दिवाळी उलटून गेली. कोंडिबांनी रजा काढून खेटे घातले. एके दिवशी ते पांढऱ्या कापडात बांधलेलं गाठोडं घेऊन खुटबावच्या स्टेशनात उतरले. विठाबाई फाटकापर्यंत चालत आली होती. तिनं ते आपल्या हातात घेतलं आणि वस्तीत शिरताना जो भेटेल त्याला सांगत गेली, "भागी हाय. माजी थोरली भन. माज्याकडं आलीया." त्रिसरण-पंचशील झालं, वस्तीतली सगळी माणसं आली. विठाबाई शेवटपर्यंत ताठ उभी होती. घरी आल्यावर मात्र तिला कुणी हात लावला की ती दचकायची. हे पुढं कितीतरी दिवस चाललं.

गौतमीनं त्यानंतर बी.ए. पूर्ण केलं, मग बी.एड. शिरूरच्या बाजूला एका शाळेत ती मराठी शिकवायला लागली. तिच्या कविता बदलल्या. त्यांत माणसांची नावं यायला लागली, आडनावांसकट. काही जणांना त्या आवडल्या नाहीत, एकदा तिच्या शाळेवर चार जण चालूनही आले. ती लिहायची थांबली नाही. विश्वजीतनं कविता सोडली. वडिलांशी त्याचं पटेना, तेव्हा तो कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टनं जायला लागला. तो आणि गौतमी समोरासमोर आले की बोलत, चांगलं बोलत. पण दोघंही लवकर निघायला बघत. तिनं त्याला माफ करण्यासारखं काही नव्हतंच, त्यानं तर काही केलं नव्हतं. तरीही ते तसंच राहिलं.

सरूबाई दोन हजार दोन साली वारली. निरोप आला तेव्हा विठाबाई म्हणाली, मला कासुर्डीला जायचंय. गौतमीला हे अनपेक्षित होतं, कारण त्या दुपारनंतर आजीनं सरूबाईचं नाव काढलेलं नव्हतं. तिनं मला फोन केला, मीही गेले. विठाबाई अंगणात गेली नाही. रस्त्याच्या कडेला उभी राहिली, तिरडी समोरून जाईपर्यंत बघत राहिली. आनंदरावांनी लांबून तिला पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही.

परत येताना गौतमीनं विचारलं, "आजी, तिला तू माफ केलं व्हय?"

"माफ कशाला करू? तोंडावर ओंजळ धरून उभी राहिली ती. वरडली असती, तर मान्सं धावली असती."

"मग आलीस का?"

विठाबाई सिक्स सीटरच्या दांडीला धरून बसली होती. बाहेर बघत म्हणाली, "भागीला शेवटचं बघितलेली ती एकटीच व्हती. आता ती बी गेली."